वय ऐंशी, तिकीट कितीला?

2024 मध्ये रोलिंग स्टोन्स या बँडने अमेरिकेचा दौरा केला तेव्हा दौऱ्याची प्रायोजक होती एएआरपी. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी काम करणारी ही तिकडची मोठी संघटना. निवृत्ती, आरोग्य विमा असे तिचे विषय. त्यावर भरपूर विनोद झाले. दौरा संपला आणि पाचच दिवसांनी गायक मिक जॅगरने वयाची 81 वर्षं पूर्ण केली. गिटारवाला कीथ रिचर्ड्स त्याच्याच बरोबरीचा. ‘आजोबा, आता पुरे करा’ हे माझ्या ओळखीतली पोरंही म्हणाली.

मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. आपल्याकडे सवाई गंधर्वच्या मंडपात ऐंशीच्या घरातले बुवा गायला बसले की लोक कानाच्या पाळीला हात लावतात. आवाज एखाद्या जागेवर अडखळला तर ती जागा आपल्या मनात पूर्ण करून घेतात. गिटारवाल्याला हा नियम का नाही? रॉक हे तरुणांचं संगीत असं कुणीतरी ठरवून टाकलं म्हणून? ज्यांनी ते 1965 साली ऐकायला सुरुवात केली, त्यांचेही गुडघे आता दुखतातच की.

मी काही या संगीतातला दर्दी नाही. नव्वदच्या दशकात आमच्याकडे केबल आली, चॅनल व्ही आणि एमटीव्ही दिसायला लागलं, त्यातलं हे वेड. गन्स अँड रोझेसचं ‘नोव्हेंबर रेन’ लागलं की घरचे उठून जायचे आणि आम्ही टीव्हीला चिकटायचो. शब्द निम्मेही कळत नव्हते. इंग्रजीत नापास होणारी पोरंसुद्धा ते गाणं पाठ म्हणायची, स्वतःच्या उच्चारात.

गेल्या काही वर्षांत मला सर्वात जास्त हलवून गेलेला कार्यक्रम म्हणजे 5 जुलै 2025 चा, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवरचा. ब्लॅक सबाथचा शेवटचा. मी तो पाहिला मोबाईलवर, तुकड्या-तुकड्यांत. ऑझी ऑस्बॉर्नला पार्किन्सन्स झालेला, उभं राहता येत नव्हतं. काळ्या सिंहासनावर बसून तो गायला. याच ॲस्टन भागात तो लहानाचा मोठा झाला, गरिबीत. मूळ चौघं 20 वर्षांनी एकत्र मंचावर आले होते. त्यानंतर 17 दिवसांनी ऑझी गेला.

त्यातल्या टोनी आयोमीची गोष्ट तर प्रत्येक आयटीआयच्या पोराला सांगावी अशी आहे. 17 व्या वर्षी तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्याच दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं लावलं. दाबताना दुखू नये म्हणून पुढे तारा सैल लावायला लागला, तसा आवाज खाली गेला, जड झाला. आज ज्याला हेवी मेटल म्हणतात त्या आवाजात कारखान्यातल्या एका अपघाताचा मोठा हात आहे. असा माणूस सत्त्याहत्तराव्या वर्षी गिटार घेऊन उभा राहिला तर त्याला ‘थांब’ म्हणणारे आपण कोण?

तर माझी तक्रार वयाबद्दल नाही. तिकिटाबद्दल आहे.

पूर्वी बँड दौरे करायचे ते रेकॉर्ड खपावी म्हणून. तिकीट स्वस्त, कमाई रेकॉर्डवर. 1999 नंतर गाणी इंटरनेटवर फुकट फिरायला लागली, मग स्ट्रीमिंग आलं, आणि हिशोब उलटा झाला. आता नवा अल्बम येतो तो दौऱ्याची जाहिरात म्हणून. पैसा मैदानात आहे. आणि मैदान भरायची खात्री कुणाची, तर ज्यांचे चाहते 40 वर्षं सोबत आहेत त्यांची. या चाहत्यांची आता घरं झालीत, पोरं मार्गी लागलीत, हातात पैसे आहेत. कंपन्यांनी हे बरोबर ओळखलं.

मग आलं मागणीनुसार बदलणारं तिकीट. दिवाळीत पुण्याहून गावाकडे येणाऱ्या ट्रॅव्हल्सचं भाडं जसं बघता बघता दुप्पट होतं, तसंच. 2024 मध्ये ओॲसिस पुन्हा एकत्र येणार म्हणून लोक तासन् तास ऑनलाइन रांगेत थांबले. 150 पौंडांच्या आसपासचं उभं राहून बघायचं तिकीट नंबर येईपर्यंत 355 पौंडांवर गेलं होतं. घ्या नाहीतर जा.

ब्रूस स्प्रिंगस्टीनचं प्रकरण त्याहून जिव्हारी लागणारं. कारखान्यातले कामगार, बंद पडलेली गिरणी, गाव सोडून जाणारी माणसं, हे त्याच्या गाण्यांचे विषय. 2022 मध्ये त्याच्या ई स्ट्रीट बँडच्या दौऱ्याची काही तिकिटं चार-पाच हजार डॉलरपर्यंत गेली. त्याच्यावर ‘बॅकस्ट्रीट्स’ नावाचं नियतकालिक निघायचं, चाहत्यांनीच चालवलेलं, 1980 पासून. फेब्रुवारी 2023 मध्ये त्यांनी ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण हेच, तिकिटं. आपलेच वाचक आता कार्यक्रमाला जाऊ शकत नाहीत, मग आपण कुणासाठी लिहायचं? नियतकालिक जाहिराती नाहीत म्हणून बंद पडतं, कागद महागला म्हणून पडतं, हे आमच्या धंद्यात रोज बघतो. या कारणाने 43 वर्षांचं काम थांबवलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

स्प्रिंगस्टीनची बाजूही सांगायला हवी. त्याचं म्हणणं, नाहीतरी हे पैसे काळाबाजारवाले खातात, मग मंचावर घाम गाळणाऱ्यांना का मिळू नयेत? मुद्दा अगदीच खोटा नाही. पण काळाबाजार होतो म्हणून आपणच त्या भावाने विकायचं, हे उत्तर रेशन दुकानदाराने दिलं तर आपण ऐकून घेऊ का?

दुसरा रस्ता होता, आणि तो एकाने घेतला. द क्युअरच्या रॉबर्ट स्मिथने 2023 च्या अमेरिका दौऱ्यात काही तिकिटं 20 डॉलरला ठेवली, बदलते दर बंद करायला लावले. तर तिकीट कंपनीने त्यावर फी एवढी लावली की काही ठिकाणी ती तिकिटापेक्षा जास्त झाली. स्मिथ जाहीरपणे भांडला आणि कंपनीला काही रक्कम चाहत्यांना परत करावी लागली. तिकिटामागे 5 किंवा 10 डॉलर. रक्कम किरकोळ आहे, मान्य. पण गायकाने मनावर घेतलं तर होतं, एवढं त्यातून दिसलं.

आता आपल्याकडे येऊ. 17 मे 2025 ला गन्स अँड रोझेस महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले. ॲक्सल रोझ 63 वर्षांचा, सोबत स्लॅश. मी गेलो नाही. तिकीट, रेल्वे, रात्रीचा मुक्काम धरून तालुक्याच्या पत्रकाराला ते झेपणारं नव्हतं. त्याआधी सप्टेंबर 2024 मध्ये कोल्डप्लेच्या तिकिटांवरून मुंबईत काय झालं ते आठवत असेल. काळाबाजाराची चौकशी आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत गेली. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जानेवारी 2025 मध्ये फेटाळली गेली; नियम करायचे तर ते काम विधिमंडळाचं आणि सरकारचं, असा त्याचा अर्थ. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी भुवनेश्वरच्या भाषणात ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’चं कौतुक केलं, कोल्डप्लेचंच उदाहरण देऊन.

इकॉनॉमी येऊ द्या, हरकत नाही. अमेरिकेत मे 2025 पासून फीसकट पूर्ण किंमत आधीच दाखवणं बंधनकारक झालंय. आपल्याकडे निदान एवढं तरी कळावं: सर्वात स्वस्त दराची तिकिटं प्रत्यक्षात किती विकायला ठेवली? अमुक बँकेच्या कार्डवाल्यांना आणि प्रायोजकांना आधीच किती गेली? विक्री सुरू झाल्यावर दर बदलणार का?

विधिमंडळात हा एक साधा तारांकित प्रश्न होऊ शकतो. कुणी आमदार किंवा त्यांचे पीए हे वाचत असतील तर मसुदा मी लिहून देतो. फुकट.