कापडाचे अस्वल, पिठाचा कोंबडा

टेडी बेअर हे खेळणे आता आपल्या घरांत इतके रुळले आहे की त्याला परके म्हणावेसे कोणाला वाटत नाही. बारशाच्या भेटींत ते असते, पाळण्यात असते, आणि मूल शाळेत जाऊ लागले की एक कान लोंबत असलेल्या अवस्थेत दिवाणाखालीही सापडते. मात्र हे खेळणे एका शिकारीतून जन्माला आले, ही गोष्ट फार थोड्या घरांत ठाऊक असते. अहिंसा हा ज्यांच्या घरचा पहिला धडा, त्यांना तरी ती ठाऊक असावी.

१९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीस गेले होते. वाटाड्या होता होल्ट कोलिअर. जन्माने गुलाम, पुढे मुक्त झालेला, आणि अस्वलांच्या मागावर त्याच्याइतका निष्णात माणूस त्या मुलखात नव्हता. कुत्र्यांनी एका काळ्या अस्वलाला घेरले, कोलिअरने बंदुकीच्या दस्त्याने त्याला घायाळ करून झाडाला बांधले आणि अध्यक्षांना बोलावणे धाडले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणे शिकाऱ्याला शोभत नाही, म्हणून रूझवेल्टांनी नकार दिला. १६ नोव्हेंबरच्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये क्लिफर्ड बेरीमन यांनी त्यावर व्यंगचित्र काढले. पुढे ते हेच अस्वल पुनःपुन्हा काढीत राहिले आणि प्रत्येक चित्रागणिक ते लहान, गोल डोळ्यांचे, केविलवाणे होत गेले. ब्रुकलिनमध्ये गोळ्या-मिठाईचे दुकान चालवणाऱ्या मॉरिस आणि रोझ मिक्टम या दांपत्याने त्यावरून कापडाचे अस्वल शिवून दुकानाच्या काचेत ठेवले. अध्यक्षांच्या लाडक्या नावावरून ते ‘टेडीचे अस्वल’ झाले. योगायोग असा की जर्मनीतील गींगेन गावी, पोलिओने पाय गमावलेल्या आणि चाकाच्या खुर्चीतून शिवणकामाचा मोठा उद्योग उभारणाऱ्या मार्गारेटे श्टाइफ यांच्या कारखान्यातही त्याच सुमारास अस्वल तयार झाले होते. त्यांचा पुतण्या रिचर्ड याने प्राणिसंग्रहालयात बसून काढलेल्या रेखाटनांवरून ते बेतले होते, आणि १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत त्याला अमेरिकन गिऱ्हाईक मिळाले.

अमेरिकेत ९ सप्टेंबर हा टेडी बेअरचा दिवस मानतात. तो बहुधा आपल्या पर्युषण-दशलक्षणाच्या आगेमागे येतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी जैन कुटुंबात गेल्या वर्षी सांगलीकडची आजी सहा महिन्यांसाठी गेली होती. नातीच्या शाळेतून चिठ्ठी आली, मुलांनी आपापले अस्वल घेऊन यावे. नातीला तेवढ्याने समाधान नव्हते. तिला घरामागच्या हिरवळीवर अस्वलांची सहल हवी होती. या सहलीची प्रथा तिकडे जुनी आहे, ‘अस्वलांची सहल’ या नावाची एक सुरावट तर १९०७ पासून वाजते आहे. सुनेने हौसेने सारे ठरवले. फराळ सूर्यास्ताआधी, कंदमुळे वर्ज्य, आणि मध्यभागी बिनअंड्याचा केक. केक अस्वलाच्या आकाराचा.

आजीने त्या एकाच गोष्टीला हरकत घेतली.

“आई, अहो मैद्याचा तर आहे,” सून म्हणाली.

“कोंबडाही पिठाचाच होता गं,” आजी म्हणाली.

यशोधराची कथा आपल्या पाठशाळांतून सांगितली जाते, सोमदेवसूरींच्या दहाव्या शतकातील ‘यशस्तिलक’ चंपूमध्ये ती विस्ताराने आली आहे. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी देवीला पशुबळी दे, असा आग्रह राजमाता चंद्रमतीने धरला. यशोधराचे मन धजेना. तेव्हा मातेच्या समाधानासाठी पिठाचा कोंबडा करून त्याने त्यावर शस्त्र चालवले. रक्ताचा थेंबही सांडला नव्हता. तरीही संकल्प हिंसेचा होता, म्हणून मायलेकरांना मोर, कुत्रा अशा तिर्यंच योनींतून जन्मोजन्म भटकावे लागले. आधुनिक मनाला हा हिशेब कठोर वाटतो, आणि सुनेलाही तो वाटला. परंतु आजीचा मुद्दा शिक्षेचा नव्हता. ज्याला रात्री कुशीत घेऊन निजायचे, त्याच्या आकारावर दुपारी सुरी चालवून हसतखेळत तुकडे वाटायचे, यात मुलाच्या मनाची ओढाताण होते, एवढेच तिचे म्हणणे. केक अखेर साधा गोल आला. वाद मात्र मिटला नाही. सून दोन दिवस थोडी रुसलेलीच होती, आणि ते तिचे रुसणे अगदीच अस्थानी होते असेही नाही. परक्या देशात मुलांना चारचौघांसारखे वागता यावे, यासाठी आईला किती धडपडावे लागते, हे पाहुणी म्हणून आलेल्या सासूला पुरते उमगणे कठीण.

खरा पेच पुढे आला. शाळेत रूझवेल्टांची गोष्ट सांगितली गेली ती नकारापर्यंत. नातीने घरी येऊन ती आजीला ऐकवली आणि विचारले, “आजी, मग ते अस्वल घरी गेलं?”

सुनेने ग्रंथालयातून आणलेले पुस्तक आदल्या रात्रीच आजीला वाचून दाखवले होते. अस्वल घरी गेले नव्हते. ते इतके जखमी होते की त्याच्या यातना संपवण्यासाठी त्याला ठार करावे, असे रूझवेल्टांनीच सांगितले आणि सुरीने ते मारले गेले. जगभरची बालके ज्याला उराशी धरतात, त्या मूळ जिवाला अभयदान मिळालेच नव्हते. सहा वर्षांच्या मुलीला हे सांगावे काय? सत्य हे व्रत खरे, परंतु ते प्रिय आणि हितकर वाणीने बोलावे हीही आपली शिकवण. आजी त्या दिवशी काही बोलली नाही. जप पुरा झाल्यावरही बराच वेळ माळ हातात धरून बसली.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितले. सुरीचा उल्लेख तिने टाळला. फार लागले होते, ते वाचले नाही, एवढे म्हणाली.

नातीने क्षणभर विचार केला. “मग त्याला डॉक्टरकडे का नाही नेलं?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि सहलीचे स्वरूप त्यामुळेच बदलले. जर्मनीत व युरोपातील इतर काही देशांत वैद्यकीय विद्यार्थी ‘टेडींचे रुग्णालय’ भरवतात. मूल आपले आजारी अस्वल घेऊन पालकाच्या नात्याने येते, तक्रार सांगते. विद्यार्थी नळी लावून ठोके तपासतात, पट्टी बांधतात, आणि मुलाच्या मनातील दवाखान्याची धास्ती ओसरते. सुनेला हे माहीत होते. तिने आपण होऊन हिरवळीच्या कडेला चादर अंथरली आणि वर नातीच्या हस्ताक्षरातील पाटी लावली. आजीकडे सुई-दोरा, जुन्या सुती साडीच्या पट्ट्या आणि बटणांचा डबा आला. रुसवा नेमका केव्हा संपला हे कोणी पाहिले नाही.

आपल्या पाठशाळांना यातले पुष्कळ घेता येईल. टेडी विकतच आणला पाहिजे असे नाही. गोधडीच्या उरलेल्या चिंध्यांचा शिवता येतो, आणि स्वतः शिवलेला मूल सहसा फेकत नाही. तिकडची काही ग्रंथालये मुलांची खेळणी एका रात्रीसाठी मुक्कामाला ठेवून घेतात आणि सकाळी त्यांची पुस्तके चाळतानाची छायाचित्रे देतात. आपल्या ग्रंथभांडारांत हे का होऊ नये? २०२० च्या टाळेबंदीत न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिकेतील लोकांनी खिडक्यांत टेडी मांडून ठेवले आणि मुले रस्त्याने जाताना ते मोजीत गेली. त्या खेळाला त्यांनी ‘अस्वलांची शिकार’ म्हटले. ज्या शिकारीत कोणी मरत नाही अशी ती एकच असावी. नाव तेवढे आपण बदलून ‘अस्वलांचा शोध’ म्हणू. आणि क्षमावाणीच्या दिवशी ज्या टेडीचा कान ओढला, त्याच्याकडेही मुलाने हात जोडले तर हसू नये.

सहलीला नऊ मुले आली, अकरा अस्वले आणि एक ससा. एका अस्वलाचा डोळा गेला होता. आजीने सदऱ्याचे बटण लावले. टाके घालता घालता तिने लहानपणचा दरवेशी आठवला. डमरू वाजवीत तो गल्लीत येई, अस्वलाच्या नाकातून दोरी ओवलेली असे, आणि मुलांची भीती जावी म्हणून आया त्यांना क्षणभर त्याच्या पाठीवर बसवीत, केस मागून ताइतात घालीत. अस्वलाच्या भीतीचा विचार त्या गर्दीत कोणी केला नाही, असे ती म्हणाली. भारतात वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा; पण नाचणारे शेवटचे अस्वल दोरीतून सुटायला २००९ साल उजाडले. त्यासाठी झटणाऱ्यांनी दरवेशी कुटुंबांना दुसरा रोजगार आणि मुलांना शाळा मिळवून दिली, ही त्यातली विशेष जमेची बाजू.

मुलांना सारे कळले असेल असे नाही. नातीने मात्र आपल्या अस्वलाचे नाक बोटाने चाचपून पाहिले, मग त्याच्या गळ्यातील लाल फितीची गाठ सोडली आणि फीत आजीच्या बटणांच्या डब्यात टाकली. आजीने पुढच्या रुग्णाला जवळ घेतले. रांगेत अजून चार उरले होते, आणि सूर्य मावळायला तासभरच होता.