सहापैकी दोन

दहावीला मला इंग्रजीत 35 मार्क पडले. साल 1976. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. मास्तर धडा वाचायचे, अर्थ फळ्यावर लिहायचे, उत्तरं सांगायचे. आम्ही ती घोकायचो. निबंधसुद्धा गाईडातलाच पाठ. मी नदीवरचा पाठ करून गेलो आणि पेपरात आली 'आमची शाळा'. मग मी शाळा नदीकाठी नेऊन ठेवली आणि पुढं सगळी नदीच लिहिली. त्यानंतर इंग्रजीशी माझा संबंध राहिला तो खताच्या पोत्यावरची अक्षरं वाचण्यापुरता.

2023 च्या मार्चात, शाळूची मळणी उरकून, पोती घरात लावून आम्ही दोघं नवरा-बायको थोरल्याकडं अमेरिकेला गेलो. न्यू जर्सीतलं एडिसन. मंगळवेढ्याचं काळं रान बघितलेल्या डोळ्यांना तिथलं सगळं हिरवं-गुळगुळीत वाटायचं. नात अकरावीला होती. तिकडं बारावीपर्यंत हायस्कूलच असतं. तिनं साध्या इंग्रजीऐवजी 'एपी इंग्लिश' घेतलं होतं. एपी म्हणजे हायस्कुलात बसून कॉलेजच्या तोडीचा अभ्यास. मे महिन्यात देशभर एकच परीक्षा होते, कॉलेज बोर्ड घेतं. मार्क एक ते पाच. तीन किंवा वर पडले तर बरीच कॉलेजं तो विषय झाला असं धरतात.

मला वाटलं, अवघड इंग्रजी म्हणजे अवघड शब्द. पोरगी डिक्शनरी पाठ करत असंल. पण तिच्या वहीत ना शब्दार्थ, ना तयार उत्तरं. रोज रात्री दहा-वीस पानं वाचायची, आणि बाजूच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहायची.

म्हणलं, "काय लिहितीस गं?"

"आबा, हा माणूस हे असं का बोलला, ते लिहायचं. समोर कोण बसलं होतं, त्याला काय पटवायचं होतं, कुठला शब्द मुद्दाम घातला."

परीक्षा सव्वातीन तासांची. आधी एक तास उतारे वाचून 45 प्रश्न. मग तीन निबंध. पहिल्यात सहा-सात कागद पुढ्यात टाकायचे, त्यातल्या निदान तिन्हींचा आधार घेऊन आपलं मत मांडायचं. दुसऱ्यात दुसऱ्याच्या भाषणाची नाहीतर लेखाची चिरफाड करायची. तिसऱ्यात नुसता विषय. बाजू आपण घ्यायची आणि पुरावे आपल्या डोक्यातून काढायचे. एकेक निबंध सहा मार्कांचा. म्हणणं स्पष्ट असंल तर एक, पुरावा आणि त्याची फोड याला चार, आणि विचार खोल गेला असंल तर शेवटचा एक. सुनंनं सांगितलं, पोरगी लहानपणापासून वर्गात पहिली, पण या वर्गातल्या पहिल्या निबंधाला सहापैकी दोनच पडले. दोन दिवस नीट जेवली नव्हती. बाईंनी कडेला लिहिलं होतं, 'छान लिहिलंस, पण तुझं म्हणणं काय?'

त्या वर्गात फ्रेडरिक डग्लस नावाच्या माणसाचं आत्मचरित्र होतं, 1845 सालचं. हा गुलाम. मालकिणीनं मुळाक्षरं शिकवायला घेतली तर मालकानं बंद पाडलं. मग यानं रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना भाकरी देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकून घेतलं. नात मराठीत सांगत होती, मी ऐकत होतो. म्हणलं, "बाय, आपल्या जोतिबा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली, ती अर्पण केली कुणाला ठाऊक हाय? गुलामगिरी मोडणाऱ्या तुमच्या या अमेरिकेतल्या लोकांना." पोरगी बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगून आली. 35 मार्कांचा आबा त्या वर्गात एवढा तरी उपयोगी पडला.

आता खरी गोष्ट. थोरल्याचं दोन वर्षांपासून टुमणं होतं, सात एकर विकून टाकू. विषय निघाला की मी एकच वाक्य टाकायचो, "जमीन आई हाय, आई कुणी विकत नाही." तो गप्प बसायचा. एप्रिलात एका रात्री जेवताना असंच झालं. तो ताटावरून उठून गेला. नात म्हणाली, "आबा, हे तुमचं पाठ केलेलं वाक्य आहे."

लागलं मला. म्हणलं, "मग कसं बोलू?"

तिनं कागद दिला, घड्याळात चाळीस मिनिटं लावली. "मराठीत लिहा. दुसरी बाजूपण लिहायची हं."

मी लिहिलं, बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या बापानं खडी फोडली, अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाल्ला, पण एक गुंठा विकला नाही. दुसऱ्या बाजूला काही सुचलं नाही. नातीनं थोरल्याकडून वाचून घेतलं आणि लाल पेनानं मार्क दिले, सहापैकी दोन. "म्हणणं स्पष्ट, एक. पुरावा आहे, एक. पण पणजोबांनी विकली नाही, म्हणून तुम्ही का विकायची नाही, ते कुठंय?"

दुसऱ्या रात्री परत बसलो. या वेळी दुसरी बाजू आधी लिहिली. गुडघे दुखतात. बैल जाऊन दहा वर्षं झाली. शाळू काढायला माणसं मिळत नाहीत. शेवटी लिहिलं, पोरगा परत येणार नाही. हे मला कधीपासून ठाऊक होतं, पण कागदावर उतरलं तेव्हा हात थांबला. 'आई विकत नाही' म्हणत होतो, ते त्याला गप्प करायला नव्हतं. हेच वाक्य लिहायला लागू नये म्हणून होतं.

थोरल्यानं तो कागदही वाचला. बराच वेळ बोलला नाही. मग शेजारी बसून म्हणाला, "आबा, मला पैसे नकोत. तुम्ही एकटे रानात पडाल, ही भीती आहे." दोन वर्षांत हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. सांगायला मी जागाच ठेवली नव्हती.

जुलैत नातीचा निकाल लागला, पाचपैकी चार. पेरणीच्या तोंडावर, सप्टेंबरात आम्ही गावी आलो. पाच एकर पुतण्याला अर्धलीनं दिली. विहिरीजवळची दोन माझ्याकडं ठेवली. विकायचं का नाही, ते अजून ठरलेलं नाही. पण आता फोनवर विषय निघाला की दोघंही पुरतं बोलतो.

ते दोन्ही कागद सातबाऱ्याच्या फायलीत ठेवलेत. पहिल्यावर लाल पेनानं सहापैकी दोन आहे. दुसऱ्यावर मार्कच नाहीत. नातीनं विचारलं होतं, "आबा, देऊ का?" म्हणलं, "नको. त्यातली शेवटची ओळ तपासायची नाही."