तुळजापूरचे तिघे

दसरा उलटला की तुळजापूरची भवानी झोपी जाते. सीमोल्लंघन करून दमलेली देवी पलंगावर निजते, ती आश्विन पौर्णिमेला उठते. तिच्या वर्षातल्या तीन निद्रांपैकी ही श्रमनिद्रा. भाद्रपदातली घोरनिद्रा, पौषातली मोहनिद्रा. तिन्ही मिळून एकवीस दिवस भवानी पलंगावर असते. देवालाही थकवा येतो आणि त्याला सुटी मिळते, हे मान्य करणारा आपला धर्म मला फार माणसाळलेला वाटतो.

मी गेलो तो नेमका या दिवसांत, आणि गेलो तो काही निव्वळ दर्शनाला नव्हे. धाकट्या मुलाचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते. आमच्या घरी लग्नानंतर गोंधळ घालतात. पुण्यात हल्ली गोंधळीही फोनवर मिळतात. पण आमच्या सौ.चा हट्ट असा की, १९९१ साली आपल्या लग्नाला आले होते तेच तिघे भाऊ हवेत. नावे कुणाला आठवत नव्हती. आठवत होता तो आवाज, आणि तो मजजवळ होता.

त्याचे असे झाले. गोंधळाच्या रात्री माझ्या वडिलांनी नवा टेपरेकॉर्डर लावला होता. यंत्राचे ज्ञान बेताचे. त्यामुळे तो ठेवला कुठे, तर तुणतुणेवाल्याच्या मांडीला लागून, पाटावर! कॅसेट नव्वद मिनिटांची. एका बाजूला गण आणि देवदेवतांचे आवाहन, दुसऱ्या बाजूला आख्यान, ते ऐन रंगात आले असता वडिलांचा आवाज येतो, “अरे, दुसरी कॅसेट कुणी आणली नाही का?” आणि खट्. वडील जाऊन बारा वर्षे झाली. त्यांचे बोलणे म्हणून आमच्या घरात एवढे एकच वाक्य शिल्लक आहे. गेल्या वर्षी पुतण्याने ही कॅसेट माझ्या मोबाइलमध्ये उतरवून दिली.

सोलापूरहून तुळजापूर पंचेचाळीसेक किलोमीटर. कोजागिरी जवळ आलेली, त्यामुळे पौर्णिमेसाठी पायी निघालेल्या माणसांची रांग रस्त्याच्या कडेने चाललेली होती. एस.टी.च्या पाटीवर ‘धाराशिव’ लिहिले होते. निजामाच्या नावावरून पडलेले उस्मानाबाद हे जिल्ह्याचे नाव २०२३ साली अधिकृतपणे बदलले. पण शेजारचे म्हातारेबुवा कंडक्टरला “उस्मानाबाद एक” म्हणाले, कंडक्टरने धाराशिवचे तिकीट फाडले, आणि दोघांचेही काही अडले नाही.

गोमुख तीर्थाशी हातपाय धुऊन, पलंगावरच्या देवीला नमस्कार करून मी बाहेरच्या बाजारात आलो. हळदीकुंकवाचे ढीग, कवड्यांच्या माळा, परड्या, पोत. एका म्हाताऱ्या दुकानदाराला मोबाइल कानाशी धरून ऐकवला. त्याने डोळे मिटले, अर्धा मिनिट ऐकले आणि म्हणाला, “हे तर तिघं की ओ! पर धाकटा आता न्हाई.”

गोंधळ्यांत दोन परंपरा. तुळजाभवानीचे ते कदमराई, माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. हे घर कदमरायांचे. दोन खोल्या, पुढे पत्र्याचा मांडव. थोरले नायक, गाणारे. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. मधले संबळ वाजवणारे.

तिघांच्या गाण्याची घडण कशी, ते सांगायला हवे. नायक ओळ उचलतो. ओळीचा शेवट यायच्या आत संबळवाला त्यात शिरतो, आणि नायकाचा श्वास संपतो त्या ठिकाणी तुणतुणेवाला वरच्या सुरात ती ओढून धरतो. याला झील म्हणतात. पाश्चात्य गायनात तिघे एकाच वेळी तीन निरनिराळे सूर लावतात. आमच्याकडे सूर एकच, पण तो एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो, आणि मधे खंड पडत नाही. म्हणून तर रात्रभर गाता येते. नायक देवीची कथा सांगतो, पण सूर राखतो तो झीलकरी.

“आमीबी कॅसेट काढली होती,” थोरले म्हणाले. “सोलापुरात. सोताच्या पैशानं.”

ती कथा ऐकण्यासारखी आहे. ग्रामोफोनवाले १९०२ साली कलकत्त्यात आले तेव्हापासून आपल्या गाण्याला तबकडीच्या मापात कापून घेण्याची सवय लागली. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. रात्रभराच्या गोंधळाने तेवढ्यात काय करावे? देवांना बोलवायलाच तास लागतो. कॅसेट आली आणि अर्धा-पाऊण तास सलग मिळू लागला, तेव्हा आराध्यांची गाणी, गोंधळ, पोवाडे सगळे फितीवर चढले. विठ्ठल उमपांनी जांभूळ आख्यान शहरी रंगमंचावर नेऊन गाजवले. पण या तिघांना ना रंगमंच, ना कंपनी. बहिणीच्या पाटल्या गहाण टाकून त्यांनी एक दुपार स्टुडिओ घेतला.

तिथल्या माणसाने झील ऐकली आणि हात वर केला. धाकट्याचा आवाज लागला की यंत्राचा काटा थेट तांबड्यात जाई. “त्यानं धाकल्याला मागं सरकवलं. आनखी मागं. शेवटी पार दाराला टेकवून हुबा केला,” मधले म्हणाले आणि हसले. “वर पेटीसारखं कसलं तरी मशीन वाजवलं.” कॅसेट देवळाच्या वाटेवर परड्यांच्या दुकानांत खपली. दोन महिन्यांत कुणीतरी तिच्या नकला काढून निम्म्या किमतीला विकायला बसले. पाटल्या सुटल्या नाहीत. आता तेच गाणे मोबाइलवर फुकट मिळते. वर देवीचा फोटो, खाली तिसऱ्याच कुणाचे नाव.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या; त्यांत गाणारीचे नाव-गाव लिहिलेले असते. या तिघांच्या वाट्याला असा कुणी आला नाही.

मी मोबाइल लावला. पाटाशेजारच्या त्या अडाणी टेपरेकॉर्डरने जे टिपले होते ते मांडवात उभे राहिले. तुणतुण्याची तार आणि तिच्यावर लख्ख धाकटा. नायक आणि संबळ जरासे लांब. स्वतःच्या कॅसेटमध्ये दाराशी उभा राहिलेला माणूस आमच्या कॅसेटमध्ये सर्वांच्या पुढे बसलेला होता. आतल्या खोलीतले भांड्यांचे आवाज थांबले. धाकट्याची बायको दाराआड येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर दातात धरलेला.

आख्यान आले, वडिलांचे वाक्य आले, खट्. मी मोबाइल उचलू लागलो तर थोरल्यांनी माझा हात धरला.

“मालक, आरती कुटाय?”

“तेवढीच आहे.”

“म्हंजे? समद्या देवांना गोंधळाला बोलवलं, आन् आरती न करताच ठिवलं? इतकी वर्सं?” त्यांनी मान हलवली. “ह्ये बरं न्हाई. लावा यंत्र. पुरं करून देतो.”

दिवटी नव्हती, चौक नव्हता, संबळही खुंटीवरच राहिला. मधल्यांनी बोटांनी मांडीवर ठेका धरला. थोरले अगदी हळू गायले. “देवी निजलीय,” म्हणाले. हा काही शास्त्राचा नियम नव्हे, त्यांचे आपले मन. ओळ संपत आली की दोघेही थांबत, जणू कुणाला वाट देत. पहिल्या दोन ओळींना ती जागा मोकळीच गेली. तिसरीला दाराआडून कुणीतरी ती धरली. मी तिकडे पाहिले नाही.

चार मिनिटे अकरा सेकंद. मार्गशीर्षाची तारीख ठरली. तुणतुण्याला चाकणच्या कारखान्यातला पुतण्या रजा काढून येणार आहे. झील त्याला जमते की नाही, यावर भावांचा वाद मी निघेपर्यंत चालूच होता.

बाईंना ती कॅसेट आपल्या मोबाइलमध्ये हवी होती. पाठवली, तर जागा शिल्लक नव्हती. सगळी नातवंडांच्या फोटोंनी भरलेली. त्या उंबऱ्यावर बसून एकेक फोटो बघू लागल्या. कुठला पुसावा ते ठरेना. माझी साडेपाचची एस.टी. होती, ती गेली.