दिव्यावरची भुवई

सोलापुरात भवानी पेठेत आमच्या घरामागच्या बोळात अण्णांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे वर पत्रे, खाली तेलानं काळी पडलेली जमीन आणि भिंतीला टांगलेली मडगार्डं. अण्णा इंजिनाला हात लावत नसत. ते पत्र्याचे मेस्त्री. चेपलेल्या, गंजलेल्या गाडीला तिचा मूळ आकार परत मिळवून देणं एवढंच त्यांचं काम. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि पत्रा हट्टाला पेटला की त्याची समजूत कन्नडमधून. पलीकडच्या मागांची खडखड आणि अण्णांची हातोडी ऐकतच माझी दहावी झाली.

१९८८ सालची गोष्ट. रद्दीत मला एका जुन्या मासिकाचं पान सापडलं, त्यावर एक भलीमोठी मोटार. मी ते घेऊन अण्णांकडे गेलो आणि बॉनेटवरची अक्षरं वाचायला लागलो. अण्णांनी त्या अक्षरांवर अंगठा ठेवला.

"नाव वाचून कुणीबी सांगतंय बे. आता सांग की."

मला सांगता येईना. त्या दिवसापासून पुढची सहा वर्षं मी जवळजवळ रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जात होतो.

पहिला मोठा धडा डॉजचा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डी सोटो अशा तीन नावांच्या गाड्या जोडल्या जात. मी तिघींच्या जाळ्या पाठ केल्या आणि ऐटीत म्हणून दाखवल्या. अण्णांनी तिन्ही फोटोंचा पुढचा भाग कागदानं झाकला. उरलेलं छप्पर, दारं, मागचा उतार, सगळं एकच! अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीनं एकाच अंगाला तीन तोंडं लावली होती. "तोंड विकायसाठी असतंय," अण्णा म्हणाले, "गाडी मागनं सुरू कर." ही प्रीमियर कंपनी १९४४ साली काढणारे वालचंद हिराचंद १८८२ मध्ये आपल्या सोलापुरात जन्मले, हे मला शाळेआधी अण्णांनी सांगितलं. कुर्ल्याच्या कुठल्याही गाडीवर हात फिरवताना ते "आपल्या गावच्या माणसाची" असं म्हणत.

त्यांची पद्धत मी आजही तशीच वापरतो. आधी काचा. मॉरिस मायनरची पुढची काच मधोमध दुभागलेली असेल तर गाडी १९५६ किंवा त्याआधीची, कारण त्या वर्षी आलेल्या मायनर १००० ला अखंड काच बसली. मग बिजागऱ्या. डुक्कर फियाटचं पुढचं दार उलटं उघडायचं, बिजागरी दाराच्या मागच्या कडेला. ११०० डी आली आणि दार सुलटं झालं. मग दिवे, मडगार्डाची कड, चाकाची टोपी. नाव सगळ्यात शेवटी, तेही पडताळ्यापुरतं. मी डोळ्यांनी शोधत असे. अण्णा मात्र फोटोवरून बोट फिरवत. बोट एखाद्या वळणाशी थांबलं की समजायचं, हे वळण त्यांनी कधीतरी हातोडीनं उठवलेलं आहे.

एक गोष्ट मात्र ते पुन्हा पुन्हा बजावत. गाडी फक्त 'याच्या आधी नाही' एवढंच सांगते. 'याच्या नंतर नाही' हे ती कधीच सांगत नाही. आपल्याकडे एक गाडी तीस-तीस वर्षं चालते. तिला दुसरीचं बॉनेट बसतं, तिसरीचा दिवा बसतो. अण्णांनीच असे किती बसवले होते. त्यामुळे वर्षाची खालची रेघ मारायची आणि गप्प बसायचं.

त्यांच्या पत्र्याच्या पेटीत वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं, त्यात एक चिमुकली, गोलसर गाडी. मी आठवडाभर झगडलो. इटालियन म्हटलं, जर्मन म्हटलं, शेवटी जपानीसुद्धा म्हटलं. ती इचलकरंजीची निघाली. शंकरराव कुलकर्णी नावाच्या गृहस्थांनी १९४० च्या दशकात सुरुवात करून १९७० च्या दशकापर्यंत स्वतःच्या हिकमतीनं एकामागून एक लहान गाड्या बनवल्या आणि त्यांना 'मीरा' नाव दिलं. सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी त्यांना द्यायची होती. कारखान्यात ती कधीच निघाली नाही. माझी 'परदेशी' उत्तरं ऐकून अण्णांना राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं. कात्रण घडी करून पेटीत ठेवताना ते एवढंच बोलले, "ओळखू आली नाही की लगेच बाहेरची म्हणू नकोस." मला हे वाक्य गाड्यांपुरतं कधीच वाटलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

माझ्या आईच्या वडिलांचा एकच फोटो होता आणि तो थोरल्या मावशीकडे होता. आजोबा बार्शीच्या एका अडत्याच्या गाडीवर ड्रायव्हर. १९६० साली ते गेले, पाठोपाठ दोन वर्षांत आजीही गेली. मावशीचा जन्म १९५३ चा, आईचा १९५८ चा. दोघी वेगवेगळ्या नातेवाइकांकडे वाढल्या. फोटोत आजोबा गाडीला टेकून उभे आहेत आणि कडेवर वर्षभराचं मूल, डोक्यावर आजीनं शिवलेलं टोपडं. ते मूल म्हणजे मावशी, असं घरात सगळे धरून चालले होते. गाडी लँडमास्टर होती असंही कुणीतरी सांगून ठेवलेलं. लँडमास्टर १९५४ ची, मावशी तेव्हा एक वर्षाची. सगळं जुळत होतं. आई म्हणायची, मला त्यांनी कधी घेतलं असेल की नाही कोण जाणे. ती हे भाजी निवडताना म्हणायची, अगदी सहज, आणि म्हणूनच मला ते सोसायचं नाही.

१९९४ च्या दिवाळीत मावशीनं तो फोटो दोन दिवसांसाठी दिला. गाडीचा पुढचा एक कोपराच काय तो दिसत होता. नाव नाही, नंबरपाटी नाही, जाळी आजोबांच्या पायांमागे झाकलेली. फक्त एक मडगार्ड, एक दिवा आणि बॉनेटची बाजू. अण्णांनी भिंग लावलं. बोट दिव्यावर येऊन थांबलं, मग बॉनेटवर गेलं आणि परत दिव्यावर आलं.

"दिव्याला भुवई हाय बघ."

दिव्याच्या वरच्या कडेला पत्र्याची छोटी झापड पुढे आलेली होती. बॉनेटवर दाबल्यासारखी उथळ वळणं होती. लँडमास्टरचा दिवा उघडा आणि बॉनेट साधं. भुवईवाला दिवा आणि असं बॉनेट ॲम्बेसेडरचं, आणि ॲम्बेसेडर १९५७ च्या आधी नव्हतीच. दिवा नंतर बदलून बसवला असेल तर, मी विचारलं. "एक बदलला असता," ते म्हणाले, "तिन्ही एकदम कोण बदलतंय? मडगार्ड, दिवा, बॉनेट, सगळं एका घरचं हाय." तरी मुलाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. खालची रेघ मारली आणि फोटो मला परत दिला.

१९५७ साली मावशी चार वर्षांची होती. आजोबांना मुली दोनच.

मी मावशीला हे सांगायला जाताना वाटेत दोनदा परत फिरलो. इतकी वर्षं जो फोटो तिनं आपला म्हणून सांभाळला, तो मी एका दिव्याच्या झापडीवरून तिच्याकडून काढून घेणार होतो. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. आत गेली, फोटोची मोकळी चौकट पदरानं पुसून घेऊन आली. "वडील मला आठवतात तरी," ती म्हणाली. "तिला दे."

संक्रांतीला आई शेंगापोळ्यांचा डबा घेऊन स्वतः गॅरेजमध्ये गेली. एरवी ती कधी त्या बोळात पाऊल टाकत नसे. अण्णांनी घाईनं हात पुसले, स्टूल झटकून दिलं. मी इतकी वर्षं त्यांच्याकडून शिकत होतो, पण त्यांनी माझ्याकडून चहाखेरीज काही घेतलं नव्हतं. डबा मात्र घेतला. आई चौकट मांडीवर ठेवून बसली आणि थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अण्णा, तुम्हाला इतकं बारीक दिसतं. हे मूल माझ्यासारखं दिसतं का हो?"

अण्णा कितीतरी वेळ फोटोकडे पाहत राहिले. या खेपेला त्यांनी बोट लावलं नाही.

"ते मला येत नाही वो ताई," ते म्हणाले. "मला पत्रा कळतो. माणूस नाही कळत."

मग भिंग धोतराच्या सोग्यानं स्वच्छ पुसून त्यांनी आईच्या हातात दिलं.