नळी जिथं टाकली तिथंच न्या

त्या रात्री लेकीच्या पोटावरच्या नळीची पिशवी निसटली, फ्रॉक पित्ताने हिरवा झाला, आणि आमच्या भागातल्या एका दवाखान्यातली सिस्टर दारातूनच म्हणाली, "भाऊ, नळी जिथं टाकली तिथंच न्या." तिथं म्हणजे मुंबईला! आमच्या गडचिरोलीतल्या आलापल्लीहून नागपूरच जवळपास अडीचशे किलोमीटर.

मागचं थोडक्यात सांगतो. लेकीच्या पित्तनलिका जन्मापासून बंद. त्यावरची 'कसाई' नावाची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झालेली बरी. आमचं निदान होईतो ती वेळ टळली होती. मग बायकोच्या यकृताचा डावीकडचा तुकडा तिला बसवला. काही काळ छान गेला. नंतर ताप, खाज, पांढरट शी. आमच्याकडे ताप म्हटला की आधी मलेरियाचं रक्त घेतात. ते निगेटिव्ह आलं. मुंबईत सोनोग्राफी झाली तेव्हा कळलं, नव्या यकृताची पित्तनलिका आतड्याला जोडली होती, तो जोड आवळला होता.

पुन्हा पोट उघडणार या धास्तीने आम्ही गळून गेलो. पण उघडावं लागलंच नाही. सोनोग्राफीत बघत यकृतात सुई, सुईतून बारीक तार, तारेवरून फुगा. डॉक्टरांनी नंतर एक्स-रेची चित्रं दाखवली: आधी औषधाचा काळा ओघ जोडापाशी अडलेला, फुगा फुगवल्यावर सरळ आतड्यात उतरलेला. मी बघतच राहिलो. जोड पुन्हा आवळू नये म्हणून नळी काही महिने आत ठेवली, बाहेरच्या टोकाला पित्ताची पिशवी. बायकोला शिकवलं: नळीत सलाइन हळूहळू सोडायचं, पिस्टन मागे ओढायचा नाही.

एवढंच तर काम होतं! त्या रात्रीही दवाखान्याच्या बाकावर तिनेच हात धुऊन नळी साफ केली, नवी पिशवी लावली. सिस्टर लांबून बघत होती. याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. ३९ गावांतलं ते काम १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मग शिकलेल्या सिस्टरला ही नळी का जमू नये?

पण तिने न शिकता हात घातला असता आणि नळी बाहेर आली असती, तर मी तिला कधीच माफ केलं नसतं. तरी राग गेला असं म्हणवत नाही. मोठ्या हॉस्पिटलांनी नळीसोबत मराठीत एक कागद द्यावा, गावाजवळच्या दवाखान्याला फोन करून समजावावं. आणि प्रत्यारोपण झालेल्या मुलाला ताप आला, खाज सुटली, तर मलेरिया नाही म्हणून निर्धास्त राहू नका. त्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन लावा.