आचार्य आणि आचारी

हिंगोलीच्या एखाद्या शाळेत फळ्यावर दोन वाक्ये लिहावीत: 'आचार्यास दक्षिणा द्यावी' आणि 'आचाऱ्यास दक्षिणा द्यावी'. पहिल्या वाक्यात दक्षिणा गुरूंच्या हाती पडते. दुसऱ्यात ती थेट स्वयंपाकघरात जाते! 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' मात्र डोंगरांतल्या. एवढा फरक कशाने झाला? 'य'च्या डोक्यावर रफार न देता त्याच्या आधी आडवा 'र' जोडला, एवढ्यानेच. हिंदीला या आडव्या 'र'ची गरज पडत नाही; मराठीचे मात्र त्यावाचून चालत नाही.

फळ्यावर हे हाताने साधते. संगणकाचे काय? त्याला अक्षर कळत नाही, केवळ अंक कळतात. म्हणून जगातील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी 'युनिकोड' ही पद्धती निर्माण झाली. १९९१ सालच्या तिच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. परंतु क्रमांकाला रूप नसते. रूप देतो तो फॉन्ट. अक्षरे कशी जोडावीत, आडवा 'र' कोठे काढावा, याचे नियम फॉन्टमध्येच लिहिलेले असतात. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीहून निराळी, क्रमांक मात्र तेच. फॉन्ट घडविणाऱ्याला मराठीची जाण नसेल, तर आपलीच भाषा परक्या वळणाने उमटते.

अशी चूक सुधारावी कोणी? कुलूपबंद फॉन्टमधील दोष वाचकाला दिसतो, पण त्याला हात लावण्याचा अधिकार त्याला नसतो. मुक्त फॉन्टची रीत वेगळी आहे. तो कोणीही वापरावा, उघडून पाहावा, सुधारावा आणि इतरांना द्यावा. मुख्य अट अशी, की सुधारलेला फॉन्टही तसाच मुक्त राहिला पाहिजे. मुंबईच्या 'एक टाइप' संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट या परवान्याने सर्वांना मिळतो. 'लोहित' या फॉन्टमालेलाही २०११ साली हाच परवाना लाभला.

ज्या महाजालावर ही अक्षरे झळकतात, तेही असेच दान आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत त्याची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने महाजालाची आज्ञावली मोबदला न घेता जगाला खुली केली.

हिंगोलीकरांना ही रीत नवी वाटू नये. जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्यांचे शब्द पंजाबपर्यंत पोचले आणि त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. धान्य वाटले तर कणगी रिती होते. शब्द वाटले तर ते वाढतात. आज्ञावलीचेही तसेच आहे.

परंतु दार उघडे असले, तरी आत पाऊल कोणीतरी टाकावेच लागते. मुक्त फॉन्टमागे कोणाच्या तरी अनेक दिवसांचे श्रम असतात. तो फुकट मिळतो, म्हणून तो आपोआप घडतो असे नव्हे. फळ्यासमोर बसलेल्या मुलामुलींपैकी एखाद्याने उद्या ते शास्त्र शिकून मराठीचे एक अक्षर जरी नीट केले, तरी ते साऱ्या मराठी वाचकांसाठी नीट होईल. 'कोणीतरी करील' असे म्हणून सारेच स्वस्थ बसले, तर मात्र आचार्यांची दक्षिणा आचारीच घेऊन जाईल!