रकूनची गोष्ट आधी घे

मिरजगाव,
ता. कर्जत, जि. अहिल्यानगर

चि. सोनूस,


तू पाठवलेले पोरांच्या वह्यांचे फोटो मिळाले. मोबाइलवर अक्षर दिसेना, म्हणून स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणले आणि निवांत वाचले. रविवारच्या मराठी शाळेत तुला बाईंच्या हाताखाली मदतनीस म्हणून घेतलं आणि आल्या आल्या दिवाळीच्या हस्तलिखिताचं काम तुझ्या गळ्यात मारलं, हे वाचून हसू आलं. मास्तरकीत नव्या माणसाचं असंच असतं. इथे जनगणना आणि निवडणूक गळ्यात पडते, तिथे हस्तलिखित.

‘मला भारत आवडतो. भारतात माझी आजी राहते. आजी लाडू करते.’ पहिल्या कागदावर हेच, चौथ्यावर हेच, शेवटच्यावरही हेच. अगं, सगळ्यांच्या आज्या लाडूच करतात का? एखादीची आजी पोस्टातून रिटायर झालेली असेल, एखादीची दिवसभर मालिका बघत असेल. पोरांचा दोष नाही. ‘माझे भारतातील गाव’ हा विषय दिल्यावर न्यू जर्सीत जन्मलेलं लेकरू दुसरं काय लिहिणार? ते गाव त्यानं पाहिलंय तीन आठवड्यांच्या सुट्टीत, त्यातले चार दिवस पोट बिघडलेलं. आठवण तुमची आणि निबंध पोरांनी लिहायचा, असा प्रकार झालाय.

त्यात तो एक कागद सापडला. ‘रात्री रकून आला. त्याने कचऱ्याचा डबा पाडला. बाबा चप्पल घालून बाहेर गेला आणि मराठीत ओरडला. रकून गेला नाही.’ चार वाक्यं. शुद्धलेखनाच्या सात-आठ चुका, पण ‘रकून गेला नाही’ वाचून मी एकटाच मोठ्यांदा हसलो. तुझी मामी आतून विचारायला आली. या पोराकडे माल आहे. त्याला आणखी विचार : बाबा काय ओरडला? इंग्रजीत का नाही ओरडला? डब्यात काय होतं? शेजारच्यांच्या घरातला दिवा लागला का? हे सगळं त्याला माहीत आहे, फक्त कुणी विचारलेलं नाही.

मी शाळेत नोकरीला होतो तेव्हाच्या एका मुलाचं सांगतो. तुला माहीतच आहे, आपल्या कर्जत-जामखेड-पाथर्डी पट्ट्यातून आणि शेजारच्या आष्टीकडून दिवाळीच्या आगेमागे माणसं उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. काही ठिकाणी साखरशाळा निघाल्या, पोरांना गावातच ठेवायला हंगामी वसतिगृहं झाली, तरी कितीतरी पोरं आईबापांबरोबर जातातच. हा मुलगा असाच बेळगावच्या पलीकडून तोडीवरून परतला होता. वर्गाला मी ‘सकाळ’ हा विषय दिला. बाकीच्यांचा सूर्य उगवला, कोंबडा आरवला, पक्षी किलबिलले. यानं लिहिलं की आई तीनला उठून भाकरी थापते, बाप अंधारात कोयता घासतो आणि मी हातात मोजे घालतो, कारण पात कापती. पायातले जुने मोजे, हातात! पुढे होतं की मला वाढ्यांच्या मोळ्या बांधायला लावतात आणि बहिणीला कोपीत झोपवून ठेवतात. मधेच त्यानं गुळाला ‘बेल्ल’ आणि पाण्याला ‘नीरु’ लिहिलं होतं. पाच महिने जी कानडी कानावर पडली ती वहीत आली. मी काही खोडलं नाही, वर्गात मोठ्यानं वाचायला लावलं. मागच्या बाकावरची, एरवी पेन न उचलणारी पोरं त्या दिवशी लिहायला बसली. त्यांचेही हात कापलेलेच होते.

म्हणून तुझ्या पोरांच्या मराठीत गॅरेज, स्नो, स्कूलबस आली तर येऊ दे. इथे तरी आम्ही मोटर, पाइप, डीपी याशिवाय शेतीचं एक वाक्य बोलतो का? आणि ज्यांना बोलता येतं पण लिहिता येत नाही, त्यांचं सांगणं तू लिहून घे. शब्द त्यांचे, हात तुझा. मग तेच त्यांना वाचायला दे. आपलं बोलणं कागदावर बघून पोर चकित होतं, आणि पुढचं स्वतः लिहायला मागतं.

जावईबापूंनी विचारलंय, लेखन शिकवून येतं का? त्यांना सांग, हा प्रश्न त्यांच्याच देशानं निकालात काढलाय. आयोवा विद्यापीठात १९३६ पासून लेखनाचा रीतसर अभ्यासक्रम आहे. आपल्याकडे मात्र अजून ‘प्रतिभा ही दैवी देणगी’ म्हणून हात झटकतात. विलास सारंग त्याला अपवाद. कारवारचा माणूस, इराकमध्ये बसऱ्याला आणि पुढे कुवेतला विद्यापीठात शिकवून आला आणि लिहिणाऱ्यांसाठी मराठीत ‘सर्जनशोध आणि लिहिता लेखक’ हे अख्खं पुस्तक लिहिलं. दिलीप चित्रेसुद्धा विशीत इथिओपियात शाळामास्तर होते, इंग्रजी शिकवायचे, आणि १९७५ मध्ये आयोवालाही गेले. परक्या देशात फळ्यासमोर उभी राहणारी तू काही पहिली नाहीस.

परीक्षेचं म्हणशील, तर ती आहेच. १९८१ मध्ये शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, त्यांच्या मराठी शाळांना भारती विद्यापीठाच्या साहाय्यानं अभ्यासक्रम आणि परीक्षा मिळाल्या, हे मोठंच काम आहे. तिथे ऱ्हस्व-दीर्घ लागतं, ते शिकवायचंच. पण परीक्षेच्या वहीत. हस्तलिखिताच्या पहिल्या कच्च्या खर्ड्यावर लाल पेन फिरवू नकोस. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं, तिथली पोरं अनुभवातून लिहायची. त्यांची पुस्तकं मिळाली तर वाच. बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, तेही पोरांपुढे टाक. शिकवायला नव्हे, नुसते चाळायला.

आजीच हवी असेल तर तिला फोन लावायला सांग, पण ‘आजी, कशी आहेस?’ यापुढे जायला हवं. ‘तू शाळेत मार कशाबद्दल खाल्लास?’ असं विचारलं की आजी बोलते. मग लाडू निघत नाहीत, भलतंच काहीतरी निघतं.

मी अजून शनिवारी सकाळी शाळेत एक तास जातो. रेहेकुरीकडच्या एका पोरीनं परवा काळविटांवर लिहिलं. अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरचंही नाही, तेव्हा हरणं शेतात येणारच. पाहुणे फोटो काढायला येतात, आणि ही लिहिते, ‘हरणांनी आमची तूर खाल्ली. आजोबा रात्रभर पत्रा वाजवत बसले.’ तुझ्या रकूनवाल्याची सख्खी बहीणच म्हणायची.

तेव्हा रकूनचा कागद मी या शनिवारी वर्गात वाचला. रकून म्हणजे काय, हे फळ्यावर काढून दाखवलं. मांजराला चष्मा लावल्यासारखं झालं. पोरांनी प्रश्न काढलेत ते खाली देतो, रकूनवाल्याकडून उत्तरं लिहून घे. रकून कोंबड्या खातो का? तुमच्याकडे कुत्रं का नाही? तुझा बाप रकूनला मराठीत नक्की काय म्हणाला? तिसऱ्याचं उत्तर आधी तू वाच, मग पाठव. तुरीचा कागदही सोबत जोडतोय, त्याच्या हातात दे आणि त्यालाही चार प्रश्न काढायला लाव.

मामीनं शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे. येणारं-जाणारं कुणी असेल तर कळव.

तुझा,
मामा